एका हाकेला दोघी

बोरवस्ती, ता. पाथर्डी
२ ऑगस्ट १९७१

दादा,

पायावर डोकं ठेवते, ते इथूनच ठेवलं असं समज.

लग्नाला तीन महिने होत आले आणि माझं पहिलं पत्र आत्ता, म्हणून तू फुगला असशील. फुग खुशाल. पाकिटाच्या मागे ‘राही’ नाव बघून पोस्टमननं दुसऱ्याचं पत्र टाकलं असंही वाटलं असेल. तसं नाही. सासरी माझं नाव राही आहे.

मांडवात तू जेवणावळीत अडकला होतास, तुला कळलं नाही. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या कडूबाई आत्याबाईंनी, कुणाला विचारलंसुद्धा नाही. ‘राही’ म्हणून मोकळ्या झाल्या. राही म्हणजे यांची पहिली, दोन वर्षांपूर्वी गेलेली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या, तर आत्याबाई म्हणतात, "त्येच नाव ठिवलं म्हंजी तिलाबी बरं वाटंल, आपली जागा कुनी घेतली न्हाई म्हनून. आन रेशन कार्डावरबी त्येच हाय. तालुक्याला हेलपाटा कशाला?" मेलेलीची समजूत आणि तालुक्याचा हेलपाटा, दोन्ही एका नावात उरकले. आहेत की नाही हुशार?

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक असतो, तो माझ्याही आहे. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकलेली एक बाई. घास आधी तिला दाखवायचा, मग आपण खायचा. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग नेसायचं. मला त्याचं काही वाटत नाही. उलट बोलायला कुणीतरी आहे असं वाटतं. हे तर दिवसाकाठी चार शब्द बोलतात, त्यातले दोन बैलांशी.

राहीची एक मुलगी आहे, चार वर्षांची. जगावी म्हणून नाव दगडाबाई ठेवलं, दगडी म्हणतात. ती मला कोणत्याच नावानं हाक मारत नाही. काही हवं असलं की पदर ओढते.

एक गंमत सांगते. परवा मी चुलीपुढे होते. आत्याबाईंनी अंगणातून "राहे!" म्हणून हाक मारली. मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, "व्हय, आले." बाईमाणसाचा आवाज. आत जाऊन बघते तर कणगी आणि तिच्यावर बसलेलं मांजर. दगडीच असणार, लपून नक्कल करत असेल. पण तेव्हा हातातली भाकरी मात्र करपली.

तुझी
मुक्ता (सासरची राही)


नागापूर, नगर
९ ऑगस्ट १९७१

मुक्ते,

आशीर्वाद. तुला राही म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून माझ्या पत्रात तू मुक्ताच.

आवाज दगडीचाच. पोरं आईच्या आवाजात बोलतात. तू नाही का आईच्या आवाजात मला शाळेला जायला दटावायचीस? करपलेल्या भाकरीचं खापर भुतावर फोडू नकोस.

तुझ्याकडे भूत आहे तसं माझ्याकडेही एक आलंय. आमच्या कारखान्यानं परदेशातून एक छोटा कॉम्प्युटर आणलाय. छोटा म्हणजे आपल्या कणगीएवढी दोन कपाटं. इंजिनांच्या चाचण्यांचे आकडे कागदाच्या फितीवर भोकं पाडून येतात. ती फीत वाचायला एक यंत्र आहे, त्याला रीडर म्हणतात, आणि उत्तरं छापायला टेलिप्रिंटर. या सगळ्यांवर देखरेख करणारा एक मुख्य प्रोग्राम असतो, तो आम्ही तिघांनी मिळून लिहिला. कुणाचं कधी ऐकायचं, कुणाला कधी बोलू द्यायचं, सगळं तोच ठरवतो. आम्ही त्याला कारभारी म्हणतो. (हसू नकोस.)

प्रत्येक यंत्राला एक नंबर दिलेला असतो. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं घंटा वाजवायची. पण घंटा सगळ्यांत मिळून एकच. म्हणून ती वाजली की कारभारी एकेका नंबराला हाक मारतो, "तू वाजवलीस का?" ज्यानं वाजवली तो ओ देतो. उसाच्या टोळीचा मुकादम हजेरी घेतो ना, अगदी तसं.

गेल्या सोमवारी आम्ही सगळे जेवायला गेलो होतो आणि खोलीला कुलूप होतं. आत टेलिप्रिंटर आपोआप चालू झाला. परत येऊन बघतो तर हातभर कागद अक्षरांच्या चिवड्यानं भरलेला. वॉचमन म्हणाला, या जागेवर पूर्वी मसणवट होती, आणि लिंबूमिरची आणायला निघालाच. आमच्या साहेबांनी त्याला थांबवलं, पण स्वतः त्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

मी उपाय शोधला. कारभाऱ्याला सांगून ठेवलं, आपण फीत मागितलेली नसताना कुणी घंटा वाजवली तर ऐकूच नकोस. झालं. टेलिप्रिंटर गप्प.

तूही तेच कर. कुणी आधी ओ दिली तर दिली. तू ऐकूच नकोस.

तुझा
दादा (रंगनाथ)


बोरवस्ती
२४ ऑगस्ट १९७१

दादा,

तुमच्या यंत्रालाही कारभारी आहे हे वाचून मी इतकी हसले की आत्याबाईंनी दृष्ट काढली. आमचा कारभारी बोलत नाही, तुमचा ऐकत नाही.

तुझा उपाय केला. पहिले काही दिवस आवाज यायचा. मी ऐकूच आला नाही असं करून कामाला लागायची. मग यायचा थांबला. (दगडी नव्हती रे ती. एकदा दगडी माझ्या डोळ्यांसमोर शेळीला पाला घालत होती आणि तेव्हाही आतून ओ आली.)

पण आता दुसरंच सुरू झालंय. कसं सांगू? माझ्या हातांना ज्या गोष्टी माहीत नसायला हव्यात, त्या माहीत आहेत. जात्याची खुंटी ढिली आहे, ती चौथ्या फेऱ्याला निसटते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण हात आपोआप ती दाबून धरतो. परवा मेथीची बी पाहिजे होती. आत्याबाईंना ती दोन वर्षांत सापडलेली नव्हती. मी उठले, देवळीतल्या फुटक्या मडक्यात हात घातला आणि पुरचुंडी काढून दिली. आत्याबाई पुरचुंडीकडे बघत राहिल्या. "तुला कुनी सांगितलं गं?" म्हणाल्या. 

दळताना दगडी जवळ येऊन बसते. काल म्हणाली, "आज तू दळतीस का ती दळतीया?" मी म्हटलं, "मीच." ती म्हणाली, "कोन मी?"

राही कशी गेली ते आता कळलं. ती आणि हे कोपरगावाकडे ऊसतोडीला गेले होते. तिथंच पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, तिला ताप भरला आणि तिथंच गेली. पाटाच्या कडेला तिथंच जाळली. घरी परत आला तो तिचा कोयता, भिंतीला अडकवलाय, त्याला कुणी हात लावत नाही. आत्याबाई म्हणतात, "सून ऊस तोडाया गेली ती अजून घरी आली न्हाई." हे ऐकलं की यांचा हातातला घास तसाच राहतो.

पितृपंधरवडा जवळ आलाय. अविधवा नवमीला सवाष्णपणी गेलेल्या बाईचं पान वाढतात, त्यावर बाहेरच्या एखाद्या सवाष्णीला बसवतात. आत्याबाई म्हणतात, बाहेरची कशाला, राही घरातच आहे की. मी बसायचं आहे. बसू का?

मला थोडी भीती वाटते. थोडीच.

मुक्ता


नागापूर
५ सप्टेंबर १९७१

मुक्ते,

बस की. पानावर बसल्यानं काय होतंय? पोटभर खीर खा, माझ्या वाटचीही खा. नवी नवरी घरात रुळली की हातांना घर कळायला लागतं, त्यात भूत कुठलं? मडक्यात हात घातलास कारण आपल्या आईची मेथीही फुटक्या मडक्यातच असायची.

मी इथं भलत्याच पेचात आहे. माझा उपाय उलटला. टेलिप्रिंटर गप्प झाला, पण आता आकडेच चुकीचे येतात. फितीवर एक अक्षर असतं आणि कारभाऱ्याच्या हातात दुसरंच पडतं. गंमत म्हणजे ते अक्षर कुणीच पाठवलेलं नसतं. दोन अक्षरं एकावर एक छापली तर जी गिचमीड होईल, तसं तिसरंच काहीतरी. आणि ते रोज होत नाही. चार दिवस सगळं ठीक, पाचव्या दिवशी एक इंजिन कागदावर बैलापेक्षाही कमी ताकदीचं निघतं. साहेब म्हणतात प्रोग्राम चुकलाय. प्रोग्राम मी लिहिला, म्हणजे मी चुकलोय.

त्यातच काल कपाटाचं लोखंडी दार निखळून पायावर पडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवतो आणि यंत्राशी भांडतो. वॉचमन म्हणतो, लिंबूमिरची बांधली असती तर पाय वाचला असता. पत्रांना उशीर झाला तर रागावू नकोस.

तुझा
दादा


बोरवस्ती
१४ सप्टेंबर

भाऊ,

नवमी झाली. पान वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, कढी. आत्याबाईंनी पानाला हात जोडले आणि म्हणाल्या, "राही, जेव." मी जेवले. घास टाकाला दाखवायचा राहून गेला, कारण जिचा टाक तिचंच पान, मग दाखवायचा कुणाला?

पोट भरलं. लई दिवसांनी भरलं. कोपीत भरत नव्हतं. कोपीचं तोंड पाटाकडं हुतं. पानी वाहताना दिसायचं आन आनायला कुनी नव्हतं. अंगाची लाही हुत हुती. ह्ये गाडीत मोळ्या चढवीत हुते. म्या म्हनलं, पानी द्या. त्यांनी हात वर केला, आलो म्हनून. दगडी पायाशी निजली हुती, तिच्या मुठीत माझा पदर हुता. म्या तो सोडवला न्हाई. पोर जागी झाली आस्ती.

हे तुला का लिहितेय कळत नाही. डोकं दुखतं. आज दगडी आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली.

तुझी
राही


नागापूर
१६ सप्टेंबर १९७१

गहिनीनाथ दाजी,

रामराम. हे पत्र पाथर्डीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, पोस्टावर भरवसा ठेवायला वेळ नाही. मी स्वतः आलो असतो, पण डॉक्टरांनी पाय हलवायचा नाही अशी ताकीद दिली आहे. हे पत्र आत्याबाईंना वाचून दाखवा, आणि मुक्तालाही.

तिचं पत्र सोबत परत पाठवतो. तेही वाचा. अक्षर तिचं आहे. पण ती मला जन्मात कधी भाऊ म्हणाली नाही, आणि ऊसतोडीला ती कधीच गेलेली नाही. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. दाजी, माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत कुठेतरी निघून चालली आहे आणि मी पाय वर करून खुर्चीत बसलो आहे.

आता मी जे सांगणार आहे ते यंत्राचं आहे. आत्याबाईंना राग येईल, येऊ द्या, पण शेवटपर्यंत ऐका.

आमच्या यंत्रातला दोष काल सापडला. जूनमध्ये जुना रीडर मोडला, तो उचलून बाहेर नेला. पण त्याचा बोर्ड, म्हणजे ज्याच्यामुळे तो कारभाऱ्याशी बोलायचा ती तारांची पाटी, कपाटातच राहिली, चालू स्थितीत. पुढे नवा रीडर आला. त्याला नवा नंबर द्यायचा तर प्रोग्राम बदलावा लागला असता. तो हेलपाटा कुणाला नको होता, म्हणून त्याला जुन्याचाच नंबर दिला. झालं असं की कारभारी तो नंबर पुकारायचा आणि दोघं एकदम ओ द्यायचे. नव्याचं अक्षर आणि जुन्याचा रिकामा आवाज एकमेकांत मिसळायचे, आणि कारभाऱ्याच्या हाती तिसरंच काही पडायचं, जे दोघांपैकी कुणाचंच नसायचं. तुम्हीच सांगा, मुकादमानं एकाच नावाची दोन माणसं टोळीत घेतली आणि एका हाकेला दोघं बोलली, तर हजेरी कशी लागणार?

आधी मी कारभाऱ्याला ऐकू नकोस म्हणून सांगितलं होतं. त्यानं दोष गेला नाही, आत दडला. मुक्तालाही मी तेच सांगितलं. ती मला विचारत होती, बसू का, आणि मी तिला खीर खा म्हणालो.

मग संतापून मी जुना बोर्ड उपटून काढला. अख्खं यंत्र बंद पडलं. पुष्कळ शोधल्यावर कळलं की सगळ्या यंत्राचं घड्याळ त्याच जुन्या बोर्डावर आहे. त्याच्याशिवाय कुणाचीच वेळ कुणाशी जुळत नाही. तो परत बसवला. शेवटी सोल्डरचा एक डाग काढून दुसरीकडे दिला आणि जुन्याला त्याचा स्वतःचा वेगळा नंबर दिला. आणि कारभाऱ्याला सांगितलं, याची घंटा वाजली तर याच्याच नंबरानं ओळख, "ऐकलं" म्हण, आणि पुढच्या कामाला लाग. काल दुपारपासून एकही अक्षर चुकलेलं नाही.

म्हणून हात जोडून मागतो. राहीबाईंना हाकलू नका. मढीच्या देवस्थानी नेऊन मुक्ताच्या अंगातलं काढा असं कुणी म्हणेल, ते करू नका. त्या तुमच्या घरच्या आहेत. पण त्यांचं नाव त्यांना राहू द्या, आणि माझ्या मुक्ताचं नाव तिला परत द्या.

एक विचारतो. कोपीचं तिनं लिहिलं आहे ते तसंच होतं का? तुम्ही तिला सांगितलंत?

तुमचा
रंगनाथ


बोरवस्ती
२१ सप्टेंबर

रंगनाथ पाव्हणं,

गहिनीनाथचा रामराम. मी चौथीपातुर शिकलेला हाय, अक्षर संबाळून घ्या.

तुमी इचारलं ते आदी सांगतो. व्हय. कोपीचं तोंड पाटाकडंच हुतं. ती पानी मागत हुती. म्या हात वर केला. गाडी भरून तांब्या घिऊन गेलो तवर ती गेलती. तांब्यातलं पानी तसंच राह्यलं. ह्ये म्या आजपातुर कुनाला सांगितलं न्हाई. आयला न्हाई, हिलाबी न्हाई. आय म्हनती मी झोपंत बडबडतो. तसंच आसंल. न्हाई तर काय आसंल त्ये मला कळत न्हाई, आन कळून घ्यायचंबी न्हाई.

तुमचं पत्र आयला वाचून दावलं. आय लई भडकली. "यंतराचं आन मानसाचं एक व्हय? त्या रंगनाथाला म्हनावं आदी सोताचा पाय नीट कर." मग रानात निगून गेली. सांजंला चुलीपाशी बसली आन म्हनली, "कार्डाचं निमित्त हुतं रं. मला तिला हाक मारायची हुती. ह्या घरात राही म्हनून हाक मारावी आन कुनीतरी व्हय म्हनावं, येवढंच पायजे हुतं." आय रडताना म्या पयल्यांदाच बघितली. राही गेल्याचं सांगितलं तवाबी ती रडली नव्हती.

सर्वपित्री आमुशाला जे राह्यलं त्यांचं करत्यात, म्हनून पुन्यांदा पान वाढलं. ह्या बारीला श्येजारची बायडाबाई सवाष्ण बसवली. आयनं हिच्या गळ्यातला टाक काडला, धुतला, हळदीकुकू लावलं आन देव्हाऱ्यात ठिवला. म्हनली, "राहे, तू हितं. ही तुजी जागा. हितनं तुला कुनी उठीवनार न्हाई." मग हिच्याकडं बघून म्हनली, "मुक्ता, वाढ गं."

ही वळली न्हाई. हातात खिरीचं पातेलं आन भिताडाकडं तोंड. आयनं पुन्यांदा हाक मारली. न्हाई वळली. म्याबी मारली. ज्या बाईला रोज बघतो ती आपल्या नावाला वळंना, तवा काय वाटतं ते लिवता येत न्हाई. बायडाबाई पानावरनं उठाया लागली.

तवा दगडी कोपऱ्यातनं उठली. आजीनं हाक मारली तशीच, तिच्याच आवाजात म्हनली, "ये मुक्ता, वाढ की गं." पोरीनं हिला आजवर कुटल्याबी नावानं हाक मारली नव्हती. ही वळली. पातेलं खाली ठिवलं आन पोरीला उचलली. मग पोरीला कडंवर घिऊनच हिनं खीर वाढली.

दुसऱ्या दिशी तालुक्याला जाऊन रेशन कार्डाचा अर्ज दिऊन आलो. हेलपाटा काय येवढा मोठा न्हाई.

गहिनीनाथ


नागापूर
६ ऑक्टोबर १९७१

मुक्ते,

दाजींचं पत्र आल्यावर मी ते वॉचमनलाही वाचून दाखवलं. तो डोळे पुसत म्हणाला, बघा, शेवटी भूत होतंच. मी वाद घातला नाही.

प्लास्टर निघालं. यंत्र ठीक चाललंय, साहेबांनी चहा पाजला. जुना बोर्ड अजून अधूनमधून घंटा वाजवतो, कुणी काही विचारलं नसताना. मी कारभाऱ्याला सांगून ठेवलंय, तो वाजला की टेलिप्रिंटरवर एक टिंब छाप, बाकी काही नको. दिवसाकाठी एखादं टिंब उमटतं. वॉचमन त्या टिंबाला नमस्कार करतो. खरं सांगू? परवा कोणी नसताना मीही केला.

तू स्वतः का लिहीत नाहीस? चार ओळी लिही. काहीही लिही, शिव्या दे. फक्त खाली सही कर.

दादा


कोपरगावाकडची टोळी
१९ नोव्हेंबर १९७१

दादा,

शिव्या देण्याइतका कागद नाही, मुकादमाकडून एकच मागून घेतलाय. नमस्कार घे.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की भीती वाटायची, पत्राच्या शेवटी हात कोणतं नाव लिहील. आज बसले आहे, बघू.

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा आत्याबाई नको म्हणत होत्या, हेही नको म्हणत होते. मीच म्हटलं, जाऊ. राहीचा कोयता भिंतीवरच राहू दिला, माझ्यासाठी नवा घडवला. निघताना आत्याबाई देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या, "राहे, ह्ये निगालेत गं" म्हणाल्या, आणि मग मला म्हणाल्या, "मुक्ते, जपून." हल्ली त्या रोज सांजेला एकदा उंबऱ्यात उभ्या राहून तिच्याशी दोन शब्द बोलतात आणि कामाला लागतात. तुझ्या टिंबासारखंच म्हण.

ज्या पाटावर आलो तो तोच पाट. यांनी मला जागा दाखवली नाही. दाखवावी लागली नाही. जिथं मी थांबले तिथंच हे थांबले. कोपीच्या कुडाच्या दोन काटक्या अजून रोवलेल्या आहेत. तोंड पाटाकडे. दादा, मी खोटं लिहिलं नव्हतं. कुठून लिहिलं तेही मला माहीत नाही. हे तांब्या भरून घेऊन आले, पण एकट्यानं त्यांना तो ओतवेना. मग आम्ही दोघांनी मिळून तो धरला आणि ओतला. दगडीनं विचारलं, "ती पेली का?" मी म्हटलं, "हो." यांनी तोंड फिरवलं. हे रडतात ते मला पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या फडाच्या कडेला मुकादम हजेरी घेत होता. जोडीजोडीनं नावं घेतात. यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं पुकारलं, "गहिनीनाथ, मुक्ता!"

हे "व्हय" म्हणाले. मी थांबले. सवयच झाली होती रे, आधी कुणीतरी ओ देतंय का ते ऐकायची. फडात वारं होतं, पानं सळसळत होती, आणि बाकी काही नाही. कुणी बोललं नाही. ज्या आवाजाला मी इतकी भ्यायले, तो यावा म्हणून मी कान देऊन होते. जाताना तिनं मला काही सांगितलं नाही. मुकादम वर बघून म्हणाला, "मुक्ता हाय का न्हाई?"

मग मीच म्हणाले, "व्हय, आले."

तुझी
मुक्ता